जयश्रीचे त्रेचाळीस हरभरे

गुजराती मुलखातल्या आमच्या नवागामच्या गल्लीत कोणाला कोणाविषयी वाईट बोलायचं झालं, तर दार लोटून आवाज उतरवावा लागे. जयश्री बडगुजरला ही अडचण कधीच आली नाही. ती ज्या बाईला नावं ठेवायची, ती बाई चोवीस तास तिच्यापाशी हजर असायची आणि उलटून एक शब्द बोलायची नाही. ती बाई म्हणजे खुद्द जयश्री.

या कलेत तिचा हात धरणारं उधन्यापासून कडोदऱ्यापर्यंत कोणी नव्हतं. साडी छान आहे म्हणावं, तर "डागाची आहे हो, म्हणून तर मिळाली" असं म्हणून ती निऱ्या उलगडून डाग दाखवी. पाहुण्याने पहिला घास तोंडात घातला, की तो गिळायच्या आत हिचं सुरू होई. "मीठ जास्त पडलं ना? वरणही पातळ झालंय. मला मेलीला म्हणजे काही येत नाही." मग पाहुणा घास गालात ठेवून म्हणे, "छे छे, उत्तम झालंय." त्यावर ती म्हणे, "तुम्ही मनाने मोठे, म्हणून म्हणता." मग पाहुण्याला आणखी जोर लावावा लागे. बिचारा हात धुवायला उठे तेव्हा जेवून नव्हे, समजूत घालून दमलेला असे.

नवरा योगराज कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होता. यंत्रांच्या खडखडाटात त्याने वीस वर्षं काढली होती. त्यामुळे घरातलं निम्मं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नसे आणि संसार सुखाचा झाला होता. सासू सुभद्राबाईंना सगळं ऐकू येई, पण त्यांनी सून जशी आली तशी स्वीकारली होती. जयश्री घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम करायची. तापात फणफणत असताना दोन दिवसांत साठ साड्या पुऱ्या करून दिल्याचा तिचा विक्रम होता. आणि खापरावरचे मांडे तर विचारू नका. पुरणाचा उंडा लाटून, कोपरापर्यंत हातावर झुलवत झुलवत ती उपड्या खापरावर असा अलगद सोडायची, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. त्या मांड्याबद्दल ती म्हणायची, "कडेला फाटलाय बघा."

या सगळ्याला पुरून उरलेली एकच मैत्रीण होती, समोरच्या खोलीतली विशाखा. तिचा नवरा रेल्वेत होता, माहेर-सासर दोन्ही भुसावळकडचं, आणि ती स्वतः साड्यांच्या पॅकिंग युनिटमध्ये सुपरवायझर होती. गल्लीतल्या सखी मंडळाची ती सेक्रेटरीही होती. युनिट सुटलं की ती थेट जयश्रीकडे चहाला यायची. हा नेम सहा वर्षं चालला होता.

मग माघात एका संध्याकाळी विशाखा आली, कप हातात घेऊन म्हणाली, "ताई, आज ना युनिटवर..." आणि जयश्री म्हणाली, "चहा पांचट झालाय का हो? दूधच घालायचं कळत नाही मला." विशाखाने चहा चांगला असल्याचं सांगितलं. ते पटवण्यात कप संपला. दुसऱ्या दिवशी विशाखा म्हणाली, "अहो, काल सांगायचं राहिलं, युनिटवर..." तर जयश्रीला आठवलं, की घरात पसारा आहे आणि आपल्याला घर लावायची अक्कल नाही. तिसऱ्या दिवशी विशाखाने नुसतं "ताई" म्हटलं. तेवढ्यात जयश्रीला स्वतःची पिकलेली वेणी दिसली.

चौथ्या दिवशी विशाखा आलीच नाही. पाचव्या दिवशीही नाही.

जयश्रीने चहाची पावडर बदलली. दूध बदललं. वेलदोडे टाकून बघितले. दोन महिने हे संशोधन चाललं. अखेर एकदा भाजीच्या हातगाडीवर तिने विशाखाला गाठलं आणि विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

विशाखाने हातातली भेंडी खाली ठेवली. "ताई, रागावू नका. चहा तुमचा चांगलाच असतो. पण तुमच्याकडे आले की अर्धा तास मी तुमची समजूत घालते आणि घरी जाते. दिवसभर युनिटवर उभी असते मी. संध्याकाळी आणखी एक शिफ्ट नाही होत माझ्याकडून."

"खरंय बाई," जयश्री म्हणाली, "मीच मेली अशी..."

"बघा. सुरू झालात." भेंडी न घेताच विशाखा निघून गेली.

जयश्री घरी आली ती रडत आली. पण ती हट्टी होती. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ठरवलं, की ही मैत्रीण मी परत आणणार. स्वतःला नावं ठेवणं बंद म्हणजे बंद. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर होती. तोवर ही खोड मोडायची, आणि आखाजीला विशाखाला चहाला बोलवायचं.

खोड मोडायची तर हिशेब हवा. तिने लोणच्याची रिकामी बरणी घेतली, शेजारी हरभऱ्याचा डबा ठेवला. स्वतःविषयी एक वाईट वाक्य तोंडातून गेलं, की बरणीत एक हरभरा. मनातल्या मनात गेलं तर अर्धा. अर्धा हरभरा कसा टाकायचा, असा कोणालाही पेच पडला असता. जयश्रीने हरभऱ्याची डाळ वापरली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बरणी पालथी केली. त्रेचाळीस हरभरे आणि मूठभर डाळ. "बाई गं, मी इतकी वाईट?" असं तिच्या तोंडून गेलं आणि तिने चव्वेचाळिसावा टाकला.

सुभद्राबाईंनी आयुष्यात दाणा वाया जाऊ दिला नव्हता. त्यांनी बरणीतला ऐवज निमूटपणे भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशी उसळ झाली. मग हा रिवाजच पडला. पाचव्या दिवशी म्हातारी पोटावर हात फिरवत म्हणाली, "तुन्हा पापना हरभरा खाई खाई मन्ह पोट फुगी गयं वं, जयसरी." आठव्या दिवशी योगराजने ताटात बघून विचारलं, "आज उसळ कमी का?" जयश्री अभिमानाने म्हणाली, "आज कमी बोलले." त्याचा चेहरा जरा उतरला. उसळ त्याला आवडायची.

अशा कामात गल्ली मागे राहील तर ती गल्ली कसली. वरच्या मजल्यावरची वृषाली पार्लरचा कोर्स करत होती आणि मोबाइलवर रोज शहाणपण ऐकत होती. ती म्हणाली, "काकू, नुसतं बंद करून नाही चालत. पॉझिटिव्ह भरायला लागतं. रोज सकाळी आरशात बघून जोरात बोलायचं, मैं सुंदर हूँ, मैं काबिल हूँ." हे मराठीत का नको, असं जयश्रीने विचारलं. वृषाली म्हणाली, "मराठीत लाज वाटते ना." हा मुद्दा जयश्रीला पटला. लाज तिला हिंदीतही वाटली, पण जरा कमी.

दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची होती. चार दिवसांनी शेजारचे भटूआबा योगराजला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे कोणी पाहुणी उतरली आहे का? रोज सकाळी ती कोणाला तरी सांगत असते, की ती फार सुंदर आहे. आमच्या घरात चर्चा आहे." योगराजला सकाळचं ते बोलणं कधी ऐकू आलेलंच नव्हतं. त्याने आबांना सांगितलं, की नाही, घरात फक्त आई आणि जयश्री असतात. तेवढं मात्र जयश्रीने दाराआडून ऐकलं आणि त्या दिवशी बरणीत एकदम सहा हरभरे पडले.

पण औषधाचा गुण यायचा तो आलाच, आणि जरा जास्तच आला. गल्लीच्या टोकाच्या केशरबाईंना तिने वाटीभर शेवभाजी नेऊन दिली. केशरबाईंनी तिथेच बोट बुडवून चाखली आणि म्हणाल्या, "भाजी मस्त झाली हो." जयश्रीने छाती भरून श्वास घेतला आणि निर्धाराने उत्तर दिलं, "होणारच. माझ्यासारखी शेवभाजी या गल्लीत कोणाच्याच हाताला नाही."

केशरबाई त्या गल्लीत तीस वर्षं शेवभाजी करत होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, "बरं वं माय" म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जयश्रीचा खलबत्ता परत आला. तो चार वर्षांपूर्वी उसना गेला होता. आमच्या गल्लीत उसनी वस्तू न मागता परत आली, की समजावं काहीतरी फार बिनसलंय.

एक मैत्रीण मिळवायला निघालेल्या बाईची दुसरीही गेली. जयश्री खलबत्ता मांडीवर घेऊन बसली. सुभद्राबाई शेजारी येऊन टेकल्या. "पहिले बी तुन्हीच गोट, आते बी तुन्हीच गोट," त्या म्हणाल्या. "समोरनी बाई कव्हय बोली?"

आधीही स्वतःचीच गोष्ट, आताही स्वतःचीच, मग समोरचीने बोलायचं कधी, हे जयश्रीने मनात घोळवून बघितलं. पण फार विचार करायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर विशाखाचा मेसेज आला. एकच ओळ: 'वॉर्डाच्या महिला मेळाव्यात आपल्या स्टॉलला विस्तव मंजूर नाही. कारण स्वयंपाकी शिकाऊ.'

स्वयंपाकी म्हणजे जयश्री. स्टॉल मांड्यांचा. विस्तवाशिवाय मांडे म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. मंडळातल्या अकरा जणींनी पुरणाची डाळ, गूळ, आंबे, सगळ्याची वाटणी करून घेतली होती.

हे पाप जुनं होतं, बरणीच्या आधीचं. मेळाव्याचा फॉर्म गुजरातीत होता, म्हणून विशाखाने सगळ्यांचे बसून भरले होते. आता आपल्याकडे एक रीत आहे. कोणी विचारलं 'येतं का', तर पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा मान हलवायची, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला, की हो म्हणायचं. सहा वर्षं विशाखा तिन्ही वेळा विचारत आली होती. त्या दिवशी तिने विचारलं, "मांडे उत्तम येतात, लिहू ना?" जयश्री म्हणाली, "छे हो, थोडंफार लिहा." विशाखाने पुन्हा विचारलं नाही. तिने थोडंफार लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जयश्री वॉर्ड ऑफिसात जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या भाऊंनी फॉर्म काढून 'थोडंफार'वर बोट ठेवलं. "बेन, आ तमे ज लखाव्युं छे. थोडुंघणुं."

"ते आमच्यात असंच म्हणतात," जयश्री म्हणाली. "त्याचा अर्थ चांगलं येतं असा असतो."

भाऊंनी वर बघितलं. नियमात असा अर्थ कुठे नव्हता. थोडंफार येणारी बाई शिकाऊ, शिकाऊ बाईला विस्तव नाही, तिने पापड मांडून बसावं. माहिती दुरुस्त करायची असेल तर ॲफिडेव्हिट हवं, आणि त्यावर एका साक्षीदाराची सही हवी. साक्षीदार नात्यातला चालणार नाही आणि त्याने तो पदार्थ खाल्लेला असला पाहिजे. मुदत उद्या दुपारपर्यंत.

ऑफिसबाहेर रघुनाथ नावाचा टायपिस्ट बसायचा, नंदुरबारकडचा. त्याने कागद चढवला. "मी, जयश्री योगराज बडगुजर, शपथेवर जाहीर करते, की मला खापरावरचे मांडे... पुढे काय, ताई? उत्तम?"

"बरे लिहा."

"बरे लिहिलं तर परत शिकाऊ."

"चांगले?"

"चांगले म्हणजे कितपत, असं विचारतील."

मागे रांगेत चार माणसं उभी होती. एकाला जातीचा दाखला हवा होता, दुसऱ्याचं नाव चुकलं होतं. सगळे कान देऊन ऐकत होते. खोटी साक्ष द्यायला उभं केल्यासारखं जयश्रीला वाटलं, आणि नवल म्हणजे साक्ष खरी होती. तिने आरशातलं वाक्य आठवून बघितलं. ते उपयोगी पडेना. मग तिला आपले हात आठवले. कोपरापर्यंत उतरणारा, पलीकडचं दिसेल इतका पातळ मांडा आठवला. तो फाटत नसे. वीस वर्षांत मोजून दोनदा फाटला असेल.

"उत्तम," ती म्हणाली. "उत्तम लिहा. येतात मला."

"येतील हो ताई," रांगेतला जातीचा दाखला म्हणाला. "पण लवकर सांगा की."

आता साक्षीदार. केशरबाईंकडे जायला तोंड नव्हतं. वृषाली डाएटवर होती, पुरण हा शब्दही ती तोंडात घेत नसे. भटूआबांना मधुमेह होता, आणि शिवाय सकाळच्या त्या पाहुणीबद्दल त्यांच्या शंका अजून फिटल्या नव्हत्या. मंडळातल्या बाकीच्या जणींनी तिच्या मांड्यांविषयी नुसतं ऐकलं होतं, खाल्ले नव्हते. राहिली एक विशाखा.

संध्याकाळी जयश्री कागद घेऊन समोरच्या दारात गेली. चार पावलांच्या वाटेत तिने वाक्य तयार केलं होतं: माझ्या मेलीमुळे तुम्हाला त्रास, मला अक्कल नाही, मी कुठल्याच कामाची नाही. ही तीन हरभऱ्यांची माफी होती. दार उघडलं. विशाखाने कागद वाचला, आत बोलावलं नाही, चौकटीवरच कागद टेकवून सही केली.

जयश्रीच्या जिभेवर ते वाक्य येऊन थांबलं आणि तिने ते गिळलं. अख्खं गिळलं. मग बोलायला काहीच उरलं नाही. उगाच उभं राहायचं म्हणून तिने समोर बघितलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला विशाखा दिसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. धागा कापणाऱ्या बायका कातर रुतू नये म्हणून बांधतात तशी.

"बोटांना काय झालं?"

"काही नाही. धागा कटिंग."

"तुम्ही? तुम्ही तर सुपरवायझर ना?"

विशाखाने चिंधीची गाठ नीट केली. मग म्हणाली, "तेच सांगायला आले होते, ताई. तीनदा."

चहा, पसारा आणि वेणी, तिन्ही संध्याकाळी जयश्रीला लख्ख आठवल्या. "मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "चुकलं माझं." इतकंच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायचा मोह झाला, तो तिने आवरला, नाहीतर पुन्हा विशाखालाच तिची समजूत घालावी लागली असती. "आता सांगा," ती म्हणाली आणि न बोलावता आत जाऊन पाटावर बसली.

विशाखाने सांगितलं. युनिटमध्ये कम्प्युटर आला होता. सगळा माल त्यावर चढवायचा होता. मालकाने बावीस वर्षांच्या मुलीला सुपरवायझर केलं आणि विशाखाला परत कटिंगच्या टेबलावर बसवलं. जिथून ती बारा वर्षांपूर्वी उठली होती, त्याच टेबलावर. घरी तिने अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी सुपरवायझरसारखी इस्त्रीची साडी नेसून निघत होती. "चूक माझीच," ती म्हणाली. "शिकायला पाहिजे होतं. ढ आहे मी. चाळिशी आली, साधं बटण दाबता येत नाही. कोणी का ठेवावं मला?"

जयश्रीने कमरेची पिशवी उघडली. हिशेब चुकू नये म्हणून ती हल्ली बाहेर जाताना हरभरे घेऊनच निघे. तिने एक, दोन, तीन, चार हरभरे काढून विशाखाच्या तळहातावर ठेवले.

"हे काय?"

"चार वेळा बोललात."

मग तिने बरणीची सगळी हकिकत सांगितली. त्रेचाळीस, डाळ, उसळ, सासूबाईंचं पोट, भटूआबांची पाहुणी. विशाखा हसायला लागली, आणि हसता हसता मनसोक्त रडली. जयश्रीने तिची समजूत घातली नाही. ती तशीच शेजारी बसून राहिली.

मेळाव्यात विस्तव मिळाला. योगराजने खापर मोटारसायकलवर मांडीत धरून, भटूआबांना पुढे चालवायला लावून आणलं. वाटेत दोघांची भांडणं झाली, खापर शाबूत राहिलं. दुपारी खिडकीतले भाऊ आले, रसाबरोबर दोन मांडे खाऊन त्यांनी विचारलं, "कोणे बनाव्या?"

"मी," जयश्री म्हणाली. पुढे काही जोडलं नाही. जिभेला ते फार अवघड गेलं. शेजारी केशरबाईंची शेवभाजी मांडलेली होती, आणि ती आणायला जयश्री स्वतः दोनदा जाऊन विनवून आली होती. मेळावा उठताना केशरबाईंनी खलबत्ता परत मागितला, तेव्हा जयश्रीला आत कुठेतरी बरं वाटलं. योगराजने ॲफिडेव्हिट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. सून काही पुटपुटायला लागली, की सुभद्राबाई नुसतं तिकडे बोट दाखवायच्या.

आखाजीच्या संध्याकाळी विशाखा चहाला आली. तिच्या हातात एक छोटी बरणी होती. "या आठवड्याचे सव्वीस," ती म्हणाली. सुभद्राबाईंनी बरणी बघितली आणि पोट धरून कूस बदलली.

जयश्रीने कप पुढे केला. विशाखाने घोट घेतला आणि म्हणाली, "ताई, आज ना युनिटवर..."

जयश्रीनेही घोट घेतला होता. चहात साखर पडलीच नव्हती. दोघींना ते पहिल्या घोटालाच कळलं होतं. जयश्री कप हातात धरून ऐकत राहिली. विशाखाने त्या बावीस वर्षांच्या मुलीला जाऊन विचारलं होतं, की मला दुपारच्या सुट्टीत कम्प्युटर शिकवशील का. मुलगी हो म्हणाली होती. पहिल्या दिवशी तीन साड्यांचा माल चढला, चौथी कुठे गेली ते दोघींनाही सापडलं नाही. घरी नवऱ्याला तिने कालच सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला बोटांवरून कळलंच होतं. हे सगळं सांगायला तिला पाऊण तास लागला आणि तेवढ्या वेळात जयश्री स्वतःविषयी काही बोलली नाही, बरं नाही आणि वाईटही नाही.

विशाखाचं सांगून झालं. कप गार झाले होते.

"साखर राहिली," जयश्री म्हणाली आणि डबा आणायला उठली.